ड्रमर 'रचना' करतो म्हणजे नक्की काय करतो? मॅक्स रोचपासून सूझी इबारापर्यंत

ठाण्याचा_ठेका

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत होतं ते आज लिहून काढतोय. लांबेल, सांभाळून घ्या.

२०२४ चं संगीतासाठीचं पुलित्झर टायशॉन सोरीला मिळालं आणि २०२५ चं सूझी इबाराला. दोघंही मूळचे ड्रमवाले. म्हणजे लागोपाठ दोन वर्षं अमेरिकेतलं संगीतरचनेचं एवढं मोठं पारितोषिक अशा माणसांना गेलं ज्यांची जागा बँडच्या फोटोत कायम मागे, झांजांच्या आड असते. आणि दोघं आले कुठून, तर अवाँ-गार्द जॅझमधून, ज्या संगीताला 'अहो पण यात चाल कुठाय' हे लोक साठ वर्षं विचारतायत. याच पुलित्झरच्या परीक्षकांनी १९६५ मध्ये ड्यूक एलिंग्टनना खास सन्मान द्या असं सुचवलं होतं आणि बोर्डाने ते फेटाळलं होतं, हे लक्षात घेतलं की किती पल्ला झाला ते कळतं.

मी तबला शिकतो, चौदा वर्षं झाली. मला या बातमीचा आनंद झालाच, पण लोकांना 'ड्रमर आणि कंपोजर?' असं आश्चर्य वाटलं त्याचं मला जास्त आश्चर्य वाटलं. कारण आपल्याकडे तालवाद्यवाला रचनाकार असतो हे कोणाला पटवून द्यावं लागतच नाही. एकल वादनाला बसलेला माणूस कानाला हात लावून सांगतो, ही जुन्या काळच्या उस्ताद हाजी विलायत अलींची गत (तबल्यावरची बांधलेली रचना), आणि मग आधी पढंत करतो, म्हणजे बोल तोंडाने म्हणतो, आणि मग वाजवतो. अमीर हुसेन खाँसाहेबांनी मुंबईत राहून कितीतरी गती बांधल्या, त्या आजही त्यांच्या नावाने वाजतात. 'धा तिट धा तिट धा धा तिट धागे तीना कीना' हा दिल्लीचा कायदा (तबल्यावरची बोलांची बांधणी, जिचा पुढे विस्तार करतात) शिकणाऱ्या दहा वर्षांच्या पोरालाही कळतं की ही एक बांधलेली वस्तू आहे, तिला भरी (डग्ग्याच्या घुमाराचा भाग) आहे, खाली (तो घुमार काढलेला भाग) आहे, सुरुवात आहे, शेवट आहे, सूर नसला म्हणून काय झालं. बांधणं हा शब्दच आपण वापरतो बघा, बंदिश बांधतात तसा कायदाही बांधतात.

आता जॅझ ड्रमर मॅक्स रोचचं 'द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस' ऐका. १९६६ च्या 'ड्रम्स अनलिमिटेड' या रेकॉर्डवर आहे, त्या रेकॉर्डवर तीन तुकडे नुसत्या ड्रमचे आहेत, त्यांत दुसरं वाद्यच नाही. या तुकड्यात त्याचे दोन पाय तीन मात्रांचं एक चाक फिरवत राहतात, पहिल्या मात्रेला मोठा ड्रम, दुसऱ्या-तिसऱ्याला पायाची झांज, आणि ते चाक शेवटपर्यंत थांबत नाही. वर दोन हात बोलतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उठून बसलो, कारण हा तर लेहरा आहे! आपल्याकडे पेटीवाला किंवा सारंगीवाला लेहरा धरतो आणि तबलजी त्यावर आपलं म्हणणं मांडतो, इथे माणसाने लेहरा स्वतःच्याच पायांना दिलाय. आणि हात जे बोलतात ते 'सोलो मारणं' नाहीये, एक मुखडा आहे, तो घेऊन तो फिरायला जातो, परत येतो, थोडा बदलून सांगतो, मध्ये रिकामी जागा सोडतो आणि त्या रिकाम्या जागेत पायांचं चाक ऐकू येतं. ही रचना आहे. आज जगभरातले ड्रमर ती शिकतात आणि वाजवतात.

दुसरं उदाहरण ड्रमर टोनी विल्यम्सचं. ऑगस्ट १९६४, वय १८, ब्लू नोट कंपनीसाठी 'लाइफ टाइम' ही पहिली स्वतःच्या नावाची रेकॉर्ड, सगळ्या रचना स्वतःच्या. तेव्हा तो ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसकडे वाजवत होता आणि त्याच्या हाताची सगळीकडे चर्चा. अशा पोराने पहिल्या रेकॉर्डवर काय करावं? एक तुकडा असा ठेवला की ज्यात फक्त हर्बी हॅनकॉकचा पियानो आणि रॉन कार्टरचा बास आहे, ड्रम नाहीतच. 'बार्ब्ज साँग टू द विझर्ड' नावाचा. ड्रमर स्वतःच्या रेकॉर्डवर स्वतःलाच वगळतो, कारण त्या रचनेला ड्रम नकोत. मला वाटतं हा संगीतकाराचा निर्णय आहे, वादकाचा नाही.

तर माझं म्हणणं एवढंच की अवाँ-गार्द जॅझमध्ये ड्रमर रचना करायला लागले म्हणजे त्यांनी चाली लिहायला घेतल्या असं नुसतं नाहीये (ते तर आधीपासून होतं, 'सॉल्ट पीनट्स'वर ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीबरोबर ड्रमर केनी क्लार्कचं नाव आहे, 'एपिस्ट्रॉफी'वर पियानोवादक थेलोनियस मंकबरोबर क्लार्कचंच, 'बेम्शा स्विंग' मंक आणि डेन्झिल बेस्ट या दोघांची, बेस्ट ड्रमरच). त्यांनी वेळ कसा जाणार, किती दाट, किती विरळ, कुठे काहीच नाही, हे ठरवणं म्हणजेच रचना असं सांगितलं. तुम्हाला काय वाटतं? आणि कोणी काय ऐकलंय ते सांगा.

---

नादखुळा_कोल्हापूर

वाचनखूण साठवली. यातलं काहीच ऐकलेलं नाही पण पायाला लेहरा दिलाय हे वाचून आत्ता लगेच शोधतोय.

---

मुकुंद_पेटी

लेख छान झालाय. तरी एक शंका, राग मानू नका. मी पंचवीस-तीस वर्षं तबल्याच्या एकल वादनाला पेटीवर लेहरा धरतोय त्यामुळे तालवाद्याला कमी लेखायचा प्रश्नच नाही. मॅक्स रोचचं तुम्ही सांगितलंत ते मला मान्य, ते बांधलेलं आहे आणि दुसरा कोणी पुन्हा वाजवू शकतो. माझ्या मते रचनेची कसोटी तीच, बांधणाऱ्याच्या हातातून सुटून ती दुसऱ्याच्या हातात जाऊ शकते का. हाजीसाहेबांची गत आज माझ्या शेजारी बसलेला मुलगा वाजवतो म्हणून ती रचना. पण फ्री जॅझमध्ये म्हणे ठेकाच नसतो, आवर्तन नसतं, जो तो त्या क्षणी सुचेल ते वाजवतो. ते उत्तम असेल, पण ते वादन. त्याला रचना म्हटलं की शब्दाचा अर्थच पातळ होतो. सनी मरे वगैरे नावं मी वाचली आहेत, त्यांनी जे वाजवलं ते दुसरा कोण वाजवणार?

---

जर्सीकर

मुकुंदकाका, तुमचा मुद्दा मला अगदी महत्त्वाचा वाटतो आणि या विषयात खरी मारामारी इथेच आहे. माझ्या परीने उत्तर देतो.

अल्बर्ट आयलरची 'स्पिरिच्युअल युनिटी', १० जुलै १९६४, न्यूयॉर्क. तीनच माणसं, आयलर सॅक्सोफोनवर, गॅरी पीकॉक बासवर, सनी मरे ड्रमवर. रेकॉर्डवर सगळ्या रचना आयलरच्या नावाने आहेत. आता आयलरच्या चाली बघितल्या तर अगदी साध्या, मुलांच्या गाण्यासारख्या, लग्नाच्या बँडवर वाजतील अशा. त्या चालीखाली मरेने नेहमीसारखा चार मात्रांचा ठेका धरला असता तर काय झालं असतं? ते गोड गाणं झालं असतं आणि संपलं असतं. मरेने ठेका काढूनच टाकला. झांजेवर अखंड शिरवा पडत राहिल्यासारखं काहीतरी, मध्येच स्नेअरचा (खाली तारा लावलेला छोटा ड्रम) थरथराट, आणि तो वाजवताना कण्हतो ते पण ऐकू येतं. त्यामुळे चालीला तळच उरला नाही, ती फुगत जाऊ शकली, फाटू शकली, सॅक्सोफोन किंचाळला तरी ते 'चुकलं' वाटत नाही कारण मोजायला काही नाहीच.

तुम्ही नोम-तोम, म्हणजे ठेक्याशिवायची लयबद्ध आलापी, ऐकता ना? ठेका नाही म्हणून लय नाही असं आपण म्हणत नाही. तसंच आहे हे. आणि हा काही त्या क्षणी सुचलेला प्रकार नव्हता, मरे १९६२ मध्ये पियानोवादक सेसिल टेलरबरोबर कोपनहेगनच्या कॅफे मोंमार्त्रमध्ये वाजवत होता तेव्हापासून हे घडत होतं. 'दुसरा कोण वाजवणार' याचं उत्तर असं की जवळजवळ सगळ्यांनी वाजवलं. त्याच्यानंतर आलेल्या कितीतरी ड्रमरनी हीच रीत घेतली आणि पुढे नेली. बोल हातातून सुटून गेले नाहीत पण वेळ मांडायची एक रीत सुटून दुसऱ्यांच्या हातात गेली. तिला रचना म्हणायचं की बाज (वाजवण्याची शैली) म्हणायचं हे आपण ठरवू, पण ती एका माणसाने बांधली हे नक्की.

---

मुकुंद_पेटी

बाज! हा शब्द चांगला काढलात. दिल्ली बाज, पूरब बाज. बाज एका माणसाचा असू शकतो हे मान्य. मग मी मरेला बाज निर्माण करणारा म्हणेन. रचनाकार अजून नाही म्हणणार.

---

अवंती_सं

काका, तुमच्याशी थोडं भांडायचंय.

'रचनाकार कोण' हा फक्त शब्दाचा खेळ नाहीये, पैशाचा प्रश्न आहे. रेकॉर्डवर तुकड्याच्या नावापुढे ज्याचं नाव छापलंय त्याला रचनेची रॉयल्टी. वाजवणाऱ्याला त्या दिवसाची बिदागी. मी कामानिमित्त कॉपीराइटच्या कागदांशी रोज झगडते म्हणून सांगते, अमेरिकेत १९७८ च्या आधी न छापलेली रचना नोंदवायची तर ती कागदावर लिहून द्यावी लागायची, ध्वनिमुद्रण चालायचं नाही. १९७६ चा नवा कायदा १ जानेवारी १९७८ ला लागू झाला तेव्हा रेकॉर्डिंग जोडून नोंदणी करता यायला लागली. आता विचार करा, या व्यवस्थेत कागदावर काय येतं? स्वर येतात. सॅक्सोफोनवाल्याची आठ ओळींची चाल येते. मरेचा शिरवा कुठल्या कागदावर उतरवणार होता तो? आपल्याकडे बोल आहेत, धा म्हटलं की धा, तोंडातून तोंडात रचना जाते आणि नाव पण जातं. तिकडे ड्रमला असे बोल नाहीत आणि कागदही नाही, मग नाव कुठे राहणार. म्हणून तुमची 'दुसऱ्याच्या हातात जाते का' ही कसोटी ऐकायला बरोबर वाटते, पण ज्याच्याकडे लिहायची सोय त्याच्याच बाजूने ती झुकते.

म्हणूनच शिकागोच्या एएसीएमचं मला फार कौतुक वाटतं. १९६५ मध्ये चार जणांनी काढलेली संगीतकारांची संस्था, नियम असा की इथे स्वतःची रचना वाजवायची. बाकीच्यांचं गाजलेलं वाजवायचं नाही. या चार संस्थापकांतला एक स्टीव्ह मॅककॉल, ड्रमर. म्हणजे ड्रमर त्या घराचा भाडेकरू नव्हताच, पायाभरणीपासून होता. अशा ठिकाणी ड्रमरला 'तू काय लिहिलंस?' हा प्रश्न विचारलाच जातो आणि विचारला की माणूस लिहितो.

---

स्नेअर_आणि_मी

मी पुण्यात ड्रम शिकवतो. अवंतीताईंच्या मुद्द्याला +१००. 

जो चेंबर्स हे नाव कोणी घेतलं नाही अजून. बॉबी हचरसन व्हायब्रफोन (धातूच्या पट्ट्यांचं, काठ्यांनी वाजवायचं वाद्य) वाजवायचा, त्याची 'कंपोनंट्स' म्हणून १९६५ ला ध्वनिमुद्रित झालेली रेकॉर्ड आहे. पहिली बाजू सगळी हचरसनच्या रचना, सुरेल, नेटक्या. रेकॉर्ड उलटा, दुसरी बाजू सगळी ड्रमर चेंबर्सच्या रचना, आणि एकदम हवा बदलते, सगळं सुटं सुटं, अधांतरी. वादक तेच. स्टुडिओ तोच. मी मुलांना हे मुद्दाम ऐकवतो, न सांगता, आणि विचारतो की यातली कुठली बाजू ड्रमरने लिहिली असेल. सगळे पहिली सांगतात, कारण तिथे ठेका स्पष्ट आहे. ड्रमरला ठेका आवडत असणार असं सगळ्यांना वाटतं. अरे बाबा ड्रमर रोज ठेका वाजवतो, त्याला लिहायला मिळालं तर तो ठेक्याच्या बाहेर काय आहे ते लिहिणार ना.

पॉल मोशनचं पण तेच. पियानोवादक बिल एव्हान्सच्या ट्रायोतला ड्रमर, वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या मागे वाजवलं, आणि चाळिशी आल्यावर पियानोवादक कीथ जॅरेटचा पियानो विकत घेतला आणि त्यावर बसून चाली करायला लागला. 'कन्सेप्शन व्हेसल' ही पहिली रेकॉर्ड १९७३ ची. नंतर बिल फ्रिझेलची गिटार, जो लोव्हानोचा सॅक्सोफोन आणि स्वतः, असा ट्रायो वर्षानुवर्षं चालवला, त्यात बास नाही! बास काढला की ड्रमरला तळ धरायची सक्ती येते असं वाटेल, पण मोशन तळ धरतच नाही, एखादी झांज, मग गप्प, मग एक ठोका जो तुम्हाला वाटलं त्याच्या जरा नंतर येतो. चाली इतक्या छोट्या की ओवीसारख्या, दोन ओळीत संपतात. मी वीस वर्षांचा असताना मला हे ऐकून वाटायचं हा माणूस वाजवत का नाहीये. आता चाळिशीत मी रोज रात्री तेच ऐकतो.

---

मृण्मयी_दादर

मला जॅझचं काही फार कळत नाही पण धागा सोडवत नाहीये. एक विचारू का, यात गाणं, शब्द, असं काही आहे का? नुसत्या वाद्यात मी हरवते. आणि बायका कोण?

---

ठाण्याचा_ठेका

मृण्मयी, तुझ्यासाठी 'वी इन्सिस्ट!'. मॅक्स रोचचीच, १९६० ची, 'फ्रीडम नाऊ सूट' म्हणून ओळखतात. गायिका ॲबी लिंकन, शब्द ऑस्कर ब्राऊन ज्युनियर यांचे. पाच भाग आहेत, गुलामगिरीपासून सुरू होतं आणि दक्षिण आफ्रिकेपर्यंत येतं. त्या वर्षी फेब्रुवारीत ग्रीन्सबरोला काळे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या खाणावळीच्या काउंटरवर जाऊन बसले होते, रेकॉर्डच्या कव्हरवर तसाच फोटो आहे.

पहिलाच भाग 'ड्राइव्हा मॅन'. ड्राइव्हा मॅन म्हणजे गुलामांवर देखरेख करणारा, हातात चाबूक असलेला माणूस. गाणं पाच मात्रांचं आहे. दर आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर ड्रमच्या काठावर सणसणीत फटका, आणि मग चार मात्रा त्या फटक्याच्या धाकात जातात. तो फटका म्हणजे चाबूक. बघ, आपल्याकडे सम म्हणजे विसावा, सगळे हिंडून फिरून जिथे आनंदाने येतात ती जागा, दाद तिथे मिळते. रोचने समेवरच चाबूक ठेवला. प्रत्येक वेळी सम येणार हे तुला माहीत असतं आणि म्हणूनच भीती वाटते. शब्द नंतर कळले तरी चालतात, ताल आधीच सगळं सांगून टाकतो. चालीतून हे जमलं नसतं, हे तालाने विचार करणाऱ्या माणसालाच सुचू शकतं असं माझं ठाम मत आहे.

यातच कोलमन हॉकिन्स हे तेव्हाचे ज्येष्ठ सॅक्सोफोनवादक आहेत, त्यांचा एक सूर चिरकला आणि तो काढू नका, तसाच ठेवा असं त्यांनीच सांगितलं. ऐकलंस की कळेल कुठला. आणि 'ट्रिप्टिक' नावाचा भाग आहे, त्यात ॲबी लिंकन आणि ड्रम एवढंच, शब्द नाहीतच, प्रार्थना, मग किंकाळ्या, मग शांतता. तो रात्री एकटीने हेडफोनवर नको ऐकूस, खरंच सांगतोय. दक्षिण आफ्रिकेत या रेकॉर्डवर बंदी आली होती.

---

मृण्मयी_दादर

ऐकलं. ऑफिसातून येताना लोकलमध्ये. चौथ्या-पाचव्या फटक्यानंतर मी खांदे आवळून बसले होते हे दादर आल्यावर लक्षात आलं. उद्या पुन्हा ऐकणार. दादा, समेवर चाबूक हे वाक्य डोक्यातून जात नाहीये.

---

जर्सीकर

बायका कोण याचं उत्तर मी देतो, सूझी इबारा. ही मूळ फिलिपिनो कुटुंबातली, कॅलिफोर्नियात जन्मलेली. नव्वदीत न्यूयॉर्कमध्ये सॅक्सोफोनवादक डेव्हिड एस. वेअरच्या चौकडीत ड्रम वाजवायची, फ्री जॅझमधलं एकदम धगधगतं काम. त्याच वेळी कुलिंतांग शिकली, दक्षिण फिलिपिन्समधला प्रकार, लाकडी चौकटीवर ओळीने मांडलेल्या लहान घंटा. म्हणजे तालवाद्यच पण सूर असलेलं, आपल्या जलतरंगासारखं समजा हवं तर, नाद मात्र धातूचा. ज्या 'स्काय आयलंड्स'ला पुलित्झर मिळालं ते लुझोन बेटावरच्या उंच डोंगरातल्या पावसाळी जंगलांवर आहे, जुलै २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या एशिया सोसायटीत पहिल्यांदा झालं. त्यात बासरी, पियानो, तंतुवाद्यांची चौकडी, तालवाद्यं, आणि ती स्वतः. वाजवणाऱ्यांना त्या क्षणी जे सुचेल त्यालाही रचनेतच जागा ठेवलेली आहे. मुकुंदकाका, पुलित्झरच्या निवेदनात नेमकं याचंच कौतुक आहे, की रचनाकाराचा आवाज म्हणजे काय या कल्पनेलाच हे काम आव्हान देतं.

आणि इबारा ज्यांच्याकडे शिकली त्यात ड्रमर मिलफर्ड ग्रेव्ह्ज आहेत. यांच्याविषयी लिहायला बसलो तर सकाळ होईल. १९४१ चा जन्म, क्वीन्समधला माणूस. आधी लॅटिन बँडमध्ये वाजवायचे, मग न्यूयॉर्क आर्ट क्वार्टेट या फ्री जॅझ चौकडीत. तबलाही शिकले होते, वसंथा सिंग नावाच्या वादकाकडे. त्यांनी ड्रमची खालची कातडी काढून टाकली, स्नेअरची तार काढली, म्हणजे तो खणखणीत लष्करी आवाज गेला आणि ड्रम बोलका झाला, आवाज वर-खाली वाकायला लागला. १९६५ ला सनी मॉर्गन या दुसऱ्या तालवादकाबरोबर नुसत्या तालवाद्यांची रेकॉर्ड केली, तुकड्यांची नावं काय, तर 'नथिंग' आणि पुढे आकडे. दुसरं वाद्य नाही, चाल नाही, दोन माणसं आणि कातडी-धातू-लाकूड.

मग १९७३ पासून २०१२ पर्यंत बेनिंग्टन कॉलेजात शिकवलं, आणि घराच्या तळघरात माणसांच्या हृदयाचे ठोके ध्वनिमुद्रित करत बसायचे. त्यांचं म्हणणं होतं की घड्याळासारखा एकसारखा ठोका निरोगी हृदयाचा नसतोच, ठोक्याठोक्यात बारीक फरक असतो, मग संगीतात लोक घड्याळासारखा ठेका का मागतात? कॉम्प्युटरवर त्या ठोक्यांतून स्वर काढून ते रचना करायचे. शेवटी त्यांना हृदयाचाच आजार झाला, फेब्रुवारी २०२१ मध्ये गेले. आजारपणातही स्वतःच्या हृदयाचे ठोके ते ऐकत, अभ्यासत होते. मला यात काही योगायोग-बिगायोग म्हणायचं नाहीये, मला फक्त त्या माणसाविषयी अतोनात आदर आहे.

---

नादखुळा_कोल्हापूर

ठेक्यातला बारीक फरक हे आमच्या हलगीवाल्यांना विचारा. एकसारखी वाजवली तर कोणी नाचणार नाही.

---

बेळगावचा_विनू

थोडं अवांतर वाटेल पण नाहीये. आपल्याकडचा एकच माणूस या सगळ्यात आत जाऊन आलेला मला माहितीये, त्रिलोक गुर्टू. मुंबईचा, १९५१ चा जन्म, ठुमरीवाल्या शोभा गुर्टूंचा मुलगा, आणि शोभाताई जन्माने आमच्या बेळगावच्या म्हणून जरा जास्त जवळचे वाटतात. तबला शिकून हा पोरगा युरोपात गेला, डॉन चेरीबरोबर वाजवलं, म्हणजे थेट फ्री जॅझवाल्या ऑर्नेट कोलमनच्या मूळ चौकडीतल्या ट्रम्पेटवाल्याबरोबर. नंतर ओरेगॉन या ग्रुपमध्ये, नंतर गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनबरोबर. ड्रमसेट असा मांडलेला की जमिनीवर बसून वाजवायचा, शेजारी तबला, आणि पाण्याने भरलेली बादली, त्यात वाजती घंटा बुडवली की सूर वाकतो.

१९८८ ची 'उस्फ्रेट' ही त्याची रेकॉर्ड, त्यावर डॉन चेरी आहे आणि शोभाताई गातायत. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा आईला हाक मारून बोलावलं, हे बघ कोण गातंय. आई म्हणाली आवाज शोभाताईंचा, पण खाली हे काय चाललंय. मग अर्धा तास आम्ही दोघं ऐकत बसलो. आई ठुमरीच्या बाजूने ऐकत होती आणि मी तालाच्या, आणि दोन्हीकडून ते उभं राहत होतं. ठुमरीला मागून साथ असं काही नाहीये त्यात, मुलाने आईच्या आवाजासाठी जागा बांधलीये. मुकुंदकाका, याला रचनाच म्हणाल ना?

---

मुकुंद_पेटी

याला म्हणेन, विनू. आईच्या आवाजाला कुठे आणायचं आणि कुठे थांबवायचं हे ठरवलंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

---

स्नेअर_आणि_मी

सोरीविषयी कोणीच लिहिलं नाही, धागा त्याच्या नावाने सुरू झाला होता राव.

न्यूआर्कचा, १९८० चा जन्म. ड्रम, ट्रॉम्बोन, पियानो तिन्ही. कॉलेजात ट्रॉम्बोन शिकायला गेला होता. सॅक्सोफोनवादक-रचनाकार अँथनी ब्रॅक्स्टनकडे शिकला, मग कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट, त्याच वर्षी म्हणजे २०१७ ला मॅकआर्थर फेलोशिप. पियानोवादक विजय अय्यरबरोबर ड्रमवर ऐकाल तर आग आहे. पण रचना? 'पिलर्स' ही २०१८ ची रेकॉर्ड जवळजवळ चार तासांची आहे आणि त्यात कितीतरी वेळ असं वाटतं की काही घडतच नाहीये. एक खोल घुमार, बराच वेळ. मग दुसरा. पुलित्झर मिळालेली 'अडाजिओ, फॉर वाडाडा लिओ स्मिथ' तर सॅक्सोफोन आणि ऑर्केस्ट्रासाठी आहे, अटलांटात २०२३ च्या मार्चमध्ये पहिल्यांदा झाली, नावाप्रमाणेच सगळी संथ. कॉन्चेर्तो, म्हणजे ऑर्केस्ट्रासमोर एका वादकासाठी लिहिलेली रचना, म्हटलं की एकटा वादक बोटांची करामत दाखवणार असं आपण धरून चालतो, इथे सॅक्सोफोनवाल्याला करामत करायला जागाच ठेवलेली नाही, त्याला श्वास सांभाळायचाय. इतकी विलंबित लय पेलायला लय आतून माहीत असावी लागते. आपल्याकडे अतिविलंबित एकताल वाजवणाऱ्याला विचारा, दोन मात्रांच्या मध्ये किती चालणं असतं ते. सोरी ते चालणं लिहितो.

शिवाय त्याची एक पद्धत आहे, समोर उभं राहून हाताच्या खुणांनी वादकांना तिथल्या तिथे दिशा द्यायची, कोण थांबेल, कोण धरून ठेवेल, कोण घाई करेल. म्हणजे सगळ्या वाद्यवृंदाचाच ड्रमसेट केला, चार हातपाय कमी पडले म्हणून.

---

अवंती_सं

यावरून ड्रमर अँड्र्यू सिरिलची आठवण झाली. सेसिल टेलरबरोबर वर्षानुवर्षं वाजवलेला, टेलरच्या पियानोला लोक अठ्ठ्याऐंशी ड्रम म्हणायचे, त्या वादळात बसून. १९६९ ला पॅरिसमध्ये त्याला स्वतःची रेकॉर्ड करायला मिळाली, 'व्हॉट अबाउट?', आणि तो स्टुडिओत एकटाच गेला. बाकी कोणी नाही. १९७४ ला परत ग्रेव्ह्जबरोबर दोघांचीच 'डायलॉग ऑफ द ड्रम्स'. संधी मिळाली की हे लोक आधी एकटे बसतात आणि मग दुसऱ्या ड्रमवाल्याला बोलावतात. रोचनेही १९७० मध्ये 'एम'बूम' काढलं ना, सगळेच तालवादक. मला वाटतं दुसऱ्यांच्या चालीला पुरून उरल्यावर आधी आपली भाषा आपल्यातच बोलून बघायची गरज वाटत असेल.

---

मुकुंद_पेटी

मंडळी, दोन दिवस आलो नाही कारण एक प्रयोग करत होतो. ठाणेकरांनी सांगितलेलं ते वॉल्ट्झवालं लावलं. तीन मात्रांचं पायांचं चाक, चार फेऱ्यांच्या बारा मात्रा होतात, म्हणून एकतालाचा एक जुना लेहरा पेटीवर धरला आणि रेकॉर्डबरोबर वाजवत बसलो. पट्टी कुठली धरायची हाच पहिला प्रश्न, मोठ्या ड्रमच्या घुमाराजवळची काळी दोन धरली.

सुरुवातीला मी त्याला लेहरा देतोय असं वाटत होतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी माझं वाजवणं कमी झालं, कारण तो जिथे हात थांबवतो तिथे माझे स्वर आगाऊ वाटायला लागले. मधल्या भागात माझी सम गेली, त्याचे पाय तसेच. मग नुसता षड्ज धरून ठेवला आणि मुखडा परत आला तेव्हा माझ्या आधी माझ्या नातवाने मान हलवली, तो शेजारी गृहपाठ करत होता, त्याने हे चारदा ऐकलं होतं.

मरेविषयी माझं मत अजून तेच आहे. पण ती 'स्पिरिच्युअल युनिटी' मी फक्त एकदाच ऐकलीये. जर्सीकर, ती कुठल्या तुकड्यापासून सुरू करू?

---

जर्सीकर

काका, 'घोस्ट्स' दोनदा आहे त्या रेकॉर्डवर, पहिला आणि शेवटचा तुकडा, एकाच चालीचे दोन अवतार. दोन्ही लागोपाठ ऐका आणि चालीकडे लक्ष देऊ नका, ती तुम्हाला लगेच पाठ होईल. फक्त झांज ऐका.